माणिक आणि लाल

लक्ष्मीपूजनाला दागिन्यांचा डबा उघडला, की तांबड्या खड्याला आपण सरसकट माणिक म्हणतो. मला मात्र ‘माणिक’ आणि ‘लाल’ या दोन शब्दांत मोठा इतिहास दिसतो. पामीरच्या कुशीतील बदख्शानचे तांबडे रत्न ते लाल; माणकाहून किंचित मऊ. ११व्या शतकातच अल्बेरुणीने हा भेद नोंदला होता. युरोपात मात्र दोन्ही माणकाच्याच जाती ठरल्या! १७८३ साली रोमे द लील या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांची फारकत केली. शास्त्रात लाल म्हणजे स्पिनेल. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ वस्तुतः लालच. जुने नाव तेवढे टिकले. म्हणून म्हणतो, जवाहिऱ्यांचे जुने शब्द हसण्यावारी नेऊ नयेत. त्यांत पिढ्यांची पारख साठलेली असते.