नियतकालिकाचे सुगम संकेतस्थळ

साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक किंवा वार्षिक अंकातील मजकूर कमी दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या वा माउस हाताळू न शकणाऱ्या वाचकांसह सर्वांना वाचता येईल, आणि संपादकांना तंत्रज्ञाच्या मदतीशिवाय त्यात भर घालता येईल, असे संकेतस्थळ. सुगमता आणि सोपे अद्ययावतीकरण या दोन्हींचा पाया एकच आहे : मजकूर आणि त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवणे.

रचना : शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, तळटीप कोणती हे एचटीएमएल या खूणभाषेत नोंदवले जाते, ते कसे दिसावे हे सीएसएस ही शैलीभाषा ठरवते. सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाणित झाली. वेबरचनेला वाहिलेल्या ‘अ लिस्ट अपार्ट’ या अमेरिकी नियतकालिकाने २००१ मध्ये आपली मांडणी सीएसएसवर आणली. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान आपोआप जुळवून घेण्याची कल्पनाही ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये याच नियतकालिकातून मांडली.

मानके : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वेब सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली, २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, तर २.२ ही २०२३ मध्ये आली. आशय जाणवणारा, हाताळता येणारा, समजणारा आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकणारा असावा, ही त्यांतील चार सूत्रे. ए, एए आणि एएए या तीन पातळ्यांपैकी एए पातळी सर्वसाधारणपणे उद्दिष्ट मानली जाते. त्यासाठी नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ असावी लागते, अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये, आणि सर्व कामे केवळ कळफलकाने करता यावीत. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ नुसार मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम स्वरूपात मिळावा यासाठी शासनाने उपाय योजायचे आहेत.

मराठी मजकूर : युनिकोड या अक्षरसंकेतनाच्या मानकाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तरीही मुद्रणासाठी युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तसाच वेबवर चढवला, तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरे वाचतो आणि शोधयंत्रालाही लेख सापडत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे अनेकदा बिघडतात, म्हणून नंतर मुद्रितशोधन अनिवार्य ठरते. पानाची भाषा ‘एमआर’ या संकेताने नोंदवावी, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतो. मात्रा, वेलांट्या, उकार यांची टक्कर होऊ नये इतके ओळींत अंतर हवे. कविता सजवून चित्ररूपात देणे किंवा अंकाची स्कॅन केलेली पीडीएफ तेवढी ठेवणे म्हणजे अंध वाचकाला अंकाबाहेर ठेवणे होय.

अद्ययावतीकरण : ड्रुपल (२००१) आणि वर्डप्रेस (२००३) यांसारख्या मुक्त आशय व्यवस्थापन प्रणालींमुळे संपादकाला कोड न लिहिता लेख प्रसिद्ध करता येतो. लेखाचे नाव, लेखक, सदर, अंक, दिनांक, सारांश आणि चित्रवर्णन यांसाठी वेगळ्या चौकटी ठेवल्या की अनुक्रमणिका, लेखकसूची आणि जुन्या अंकांचे दालन आपोआप तयार होते. चित्रवर्णनाची चौकट सक्तीची असावी. व्यंगचित्राच्या वर्णनात त्यातील मर्मही यायला हवे. स्क्रीन रीडर वापरणारे अनेक वाचक पानावरील दुव्यांची यादीच आधी ऐकतात. तेथे ‘पुढे वाचा’ची नुसती पुनरावृत्ती निरुपयोगी ठरते; दुव्यात लेखाचे नाव हवे. लेखांचे पत्ते कायम ठेवावेत, अन्यथा इतरांनी दिलेले संदर्भ तुटतात.

तपासणी : स्वयंचलित साधने चित्रवर्णन नसल्याचे सांगतात, पण ते अर्थपूर्ण आहे का हे सांगू शकत नाहीत. त्यामुळे माउस बाजूला ठेवून संपूर्ण अंक चाळणे, एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरवर लेख ऐकणे आणि दिव्यांग वाचकांकडून प्रत्यक्ष वापर करवून घेणे आवश्यक असते. प्रत्येक नव्या अंकाबरोबर नव्या त्रुटी शिरू शकतात. म्हणून ही तपासणी मुद्रितशोधनाप्रमाणेच संपादनाच्या नित्यक्रमात असली पाहिजे आणि तिची जबाबदारी नेमून दिलेली असली पाहिजे.