तोफखाना रेजिमेंटची मानचिन्हे

भारतीय भूदलाच्या तोफखाना रेजिमेंटचे बोधचिन्ह, ब्रीद, रंग आणि तोफेशी जोडलेले मानाचे संकेत. या दलाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. जवानांच्या प्रशिक्षणाचे एक केंद्र नाशिक रोडला असून तोफखान्याचे उच्च प्रशिक्षण देणारे स्कूल ऑफ आर्टिलरी शेजारीच देवळालीला आहे.

बोधचिन्हाच्या मधोमध जुन्या धाटणीची, गाड्यावर चढवलेली तोफ आहे. तिचे आऱ्यांचे मोठे चाक आधी नजरेत भरते. सर्वांत वर तारा, त्याखालच्या पट्टीवर ‘सर्वत्र’ आणि तोफेखाली ‘इज्जत-ओ-इक़बाल’. चिन्हाची मांडणी ब्रिटिश रॉयल आर्टिलरीच्या चिन्हावरून आलेली आहे. तेथे ताऱ्याच्या जागी राजमुकुट असतो आणि वरच्या पट्टीवर ‘सर्वत्र’ याच अर्थाचा लॅटिन शब्द. दलाचे रंग लाल व गडद निळा. देवळालीत ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा दलात दाखल झाल्या; टोपीवर मात्र तीच आऱ्यांच्या चाकाची तोफ राहिली, आणि ते योग्यच आहे.

पायदळाची पलटण निशाणाला जो मान देते, तो तोफखान्यात प्रत्यक्ष तोफेला मिळतो. तोफ हेच गोलंदाजाचे निशाण. म्हणून ती शत्रूच्या हाती पडू देणे हा सर्वांत मोठा कलंक मानतात. या दलातला साधा शिपाईही ‘गनर’ म्हणूनच ओळखला जातो.

मराठी वाचकाला तोफखाना म्हटले की पेशवाईतले सोनोरीचे पानसे सरदार आणि त्यांनी बांधलेला मल्हारगड आठवतो. आजच्या दलाची वंशावळ तिथून येत नाही. ती मुंबई इलाख्याच्या कंपनी लष्करातून येते. २८ सप्टेंबर १८२७ रोजी बॉम्बे आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे पाचवी (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली आणि आज ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी गोलंदाजांच्या हातून जवळजवळ सगळ्या तोफा काढून घेतल्या. मोजक्या पहाडी बॅटऱ्या तेवढ्या उरल्या. मैदानी तोफा पुन्हा हाती यायला १९३५ साल उजाडले. हे ध्यानात घेतले म्हणजे २८ सप्टेंबरला ‘गनर्स डे’ इतक्या अभिमानाने का पाळतात, ते समजते.

विशिष्ट लढाईतील कामगिरीबद्दल रेजिमेंटला वा बॅटरीला सन्मानाचे बिरुद मिळते आणि ते तिच्या नावाला कायमचे जोडले जाते. १९९९ च्या युद्धानंतर १०८ मीडियम, १४१ फील्ड व १९७ फील्ड या रेजिमेंटांना ‘कारगिल’ हे बिरुद मिळाले. त्या युद्धात पायदळाच्या चढाईआधी शिखरांवर तोफांचा, विशेषतः बोफोर्सचा, भडिमार झाला होता. द्रासमधील पॉइंट ५१४० या शिखराला जुलै २०२२ मध्ये गोलंदाजांच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ असे नाव देण्यात आले.