उशिरा पोचलेल्यांचं गाव

आईच्या चार पाटल्या गेली तीन वर्षं सांगलीतल्या एका बँकेच्या तिजोरीत आहेत. माझ्या कॅनडातल्या कोर्सची फी भरताना त्यावर सोनेतारण कर्ज काढलं होतं. त्यामुळे मी ‘गोल्ड रश’च्या गावाला निघालोय असं घरच्या ग्रुपवर टाकल्यावर व्हायची ती थट्टा झालीच. काका म्हणाले, ‘येताना दोन किलो आण, सगळ्यांचीच कर्जं फिटतील.’ आईने नुसताच हसरा इमोजी टाकला.

ते गाव म्हणजे डॉसन सिटी. कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशात. व्हाइटहॉर्सपर्यंत विमानाने गेलो आणि तिथून मित्राबरोबर गाडीने ५३० किलोमीटर. नावात ‘सिटी’ असली तरी २०२१च्या जनगणनेत इथे जेमतेम दीड हजार माणसं होती. आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं यापेक्षा मोठं असतं. पण १८९८च्या उन्हाळ्यात याच चिखलात तीसेक हजार लोक येऊन थडकले होते.

आम्ही जूनमध्ये गेलो. गावाच्या पाठीशी ‘मिडनाइट डोम’ नावाचा डोंगर आहे. तुम्ही कधी गेलात तर पहिल्याच रात्री तिथे चढा. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि ऊन अजून अंगावर होतं. खाली युकॉन आणि क्लोंडाइक या दोन नद्यांचा संगम दिसतो. एक पाणी गढूळ, एक जरा काळसर. सगळी गोष्ट या संगमावर सुरू होते.

बातमी आणि झुंबड

१८९६च्या ऑगस्टमध्ये क्लोंडाइकला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. तिथे चौघं होते. जॉर्ज कारमॅक हा गोरा अमेरिकन, त्याची टॅगिश बायको केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली. पहिलं सोनं कुणाला दिसलं यावर आजही वाद आहे. टॅगिश लोकांच्या आठवणींत ते जिमला दिसलं. सरकारी दप्तरात मात्र शोधकर्ता म्हणून कारमॅकचं नाव लागलं. आदिवासी माणसाच्या नावाने दावा टिकणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

मग आसपासच्या खोऱ्यांतले जुने सोनशोधे धावत आले. खुंट रोवायचे, त्यावर नाव लिहायचं, कचेरीत नोंद करायची, की तेवढा तुकडा तुमचा. ओढ्याचं नाव बदलून ‘बोनान्झा’ झालं. हिवाळा पडायच्या आत चांगल्या जागा जवळपास सगळ्या संपल्या.

बाहेरच्या जगाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नदी गोठली की टपाल बंद. १७ जुलै १८९७ला ‘पोर्टलंड’ नावाचं जहाज सिॲटलच्या धक्क्याला लागलं, तेव्हा त्यातून उतरलेल्या माणसांच्या पेट्यांत आणि पोत्यांत सोनं होतं. ‘टनभर सोनं’ अशी पेपरांनी आरोळी ठोकली. अमेरिका तेव्हा मंदीने पिचलेली होती. कारकून, शिक्षक, न्हावी, पोलीस, सगळे हातातलं काम टाकून निघाले. अंदाज असा, की एक लाख लोक निघाले आणि तीस-चाळीस हजार पोचले.

वाट सोपी नव्हती. अलास्काच्या किनाऱ्यावरून चिलकूट खिंड चढायची. वर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराची शिधासामग्री बरोबर असेल तरच पुढे सोडत, कारण पलीकडे उपासमार होण्याची भीती होती. सगळं मिळून सामान टनभर व्हायचं. ते पाठीवरून न्यायचं म्हणजे एकेका माणसाला तीस-चाळीस खेपा. बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवर मुंग्यांसारखी लागलेली माणसांची काळी रांग तुम्ही फोटोत कुठेतरी नक्की पाहिली असेल. ३ एप्रिल १८९८ला तिथे हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गाडली गेली. उरलेली चढतच राहिली. पलीकडच्या तळ्यांकाठी झाडं तोडून त्यांनी होड्या बनवल्या, बर्फ फुटल्यावर आठशेहून अधिक किलोमीटर नदीतून वाहत आले आणि डॉसनला उतरले.

उतरल्यावर त्यांना कळलं, की इथे रोवायला जागाच उरलेली नाही.

गावातल्या संग्रहालयात मी हे वाचत उभा होतो आणि मला पुण्यातल्या त्या कन्सल्टन्सीचं एसी ऑफिस आठवलं. ‘कोर्स संपला की नोकरी पक्की’ असं तिथल्या मॅडमनी छातीठोक सांगितलं होतं. आमच्या बॅचमधली मुलं अजून गोदामात रात्रपाळ्या करतात. क्लोंडाइकच्या वेळीही सिॲटलच्या दुकानदारांनी तंबू, फावडी आणि मार्गदर्शक पुस्तकं विकून आधी कमाई केली. त्यातली काही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी युकॉन पाहिलंही नव्हतं.

मग ते हजारो लोक काय करत होते? बरेच जण गावातून नुसतेच फिरायचे, सामान विकायचे आणि परतीची वाट धरायचे. काही दुसऱ्याच्या खाणीत मजुरीला लागले. १८९९मध्ये अलास्कात नोम इथे सोनं सापडल्याची बातमी आली आणि एका उन्हाळ्यात आठेक हजार लोक डॉसन सोडून गेले. गर्दी जेमतेम तीन वर्षं टिकली.

गावात काय पाहाल

रस्ते अजून मातीचे आहेत, बाजूला लाकडी फळ्यांच्या पायवाटा. थर्ड अव्हेन्यूवर दोन जुन्या इमारती एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या आहेत. लोक त्यांना ‘किसिंग बिल्डिंग्ज’ म्हणतात आणि सेल्फी काढतात. पण त्या कललेल्या का, हे समजून घ्या. इथली जमीन खाली कायमची गोठलेली आहे. घरात शेकोटी पेटली, की उबेने खालचा बर्फ वितळतो आणि घर बसतं.

त्याच बर्फाने सोनं काढणंही अवघड केलं होतं. हिवाळ्यात विहिरीसारखा खड्डा घ्यायचा, तळाशी लाकडं पेटवायची, वितळलेली हातभर माती वर ओढायची, पुन्हा पेटवायचं. वसंतात पाणी वाहू लागलं की तो ढीग धुवायचा. महिनोन् महिने राबल्यावर आपल्या ढिगात काय आहे ते कळायचं. आसपासच्या डोंगरांवरची झाडं या आगीत गेली.

गावाबाहेर बोनान्झा क्रीकवर ‘ड्रेज नंबर ४’ आहे. १९१२ साली बांधलेलं, आठ मजली, पाण्यावर तरंगणारं लाकडी यंत्र. पुढून बादल्यांच्या साखळीने नदीचं पात्र उकरायचं, पोटात माती धुवायची, सोनं ठेवून गोटे मागे टाकायचे. १९५९पर्यंत ते चाललं. खोऱ्यात पाहावं तिकडे त्याने टाकलेल्या गोट्यांच्या वळणदार राशी आहेत, एखाद्या राक्षसी गांडुळाने विष्ठा टाकत जावं तशा. त्यांच्यावर आजही धड झाड वाढत नाही.

जवळच ‘क्लेम नंबर ६’वर कुणालाही फुकट सोनं शोधता येतं. मीही पसरट पॅन घेऊन थंडगार पाण्यात दोन तास बसलो. पाणी गोल फिरवायचं, हलकी वाळू सांडू द्यायची, जड ते तळाशी राहतं. सांगलीच्या सराफ कट्ट्यावरची धूळमाती धुऊन कण वेचणारे झारेकरी लहानपणी पाहिले होते. हात तसेच फिरवले. मिळाले चार कण.

आणखी एक जागा. जुगाराच्या ‘डायमंड टूथ गर्टीज’ क्लबाच्या मागे १९७८मध्ये खोदकाम करताना फिल्मची रिळं निघाली, तब्बल ५३३. डॉसन हे सिनेमाच्या वाटेवरचं शेवटचं गाव. मूकपट इथे दोन-तीन वर्षांनी पोचायचे आणि परत पाठवायचा खर्च कंपन्यांना नको असायचा. साठलेली रिळं १९२९मध्ये जुना पोहण्याचा हौद बुजवायला वापरली. दुसरीकडे कुठेच न उरलेले सिनेमे गोठलेल्या मातीने जपून ठेवले. बिल मॉरिसनची ‘डॉसन सिटी : फ्रोझन टाइम’ ही २०१६ची डॉक्युमेंटरी याच रिळांवर आहे. जाण्याआधी जरूर बघा.

खुंटांची दुसरी गोष्ट

जॅक लंडन, रॉबर्ट सर्व्हिस यांची खोपटी बघून होतात, जुगारही खेळून होतो. एवढं करून निघू नका. नदीकाठी ‘दानोजा झो’ म्हणजे ‘फार पूर्वीचं घर’ नावाचं केंद्र आहे, ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचं. तिथे मला कळलं, की ‘क्लोंडाइक’ हा शब्द ‘ट्रॉन्डेक’चाच गोऱ्यांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे. मूळ अर्थ दगडी हातोड्याशी जोडलेला. हे लोक नदीच्या तोंडाशी हातोड्याने खुंट ठोकून बांध घालायचे आणि सामन मासे धरायचे. म्हणजे खुंट इथे फार आधीपासून होते. फक्त ते मासे अडवायला होते, जमीन नावावर करायला नव्हते.

संगमावरचा त्यांचा ट्रोचेक नावाचा मासेमारीचा तळ गर्दीने गिळला. त्यांचा प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन पाचेक किलोमीटर खाली मूसहाइडला गेला. या लोंढ्यात आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे त्याने ओळखलं आणि ती अलास्कातल्या नातलगांकडे जपायला ठेवली. ठेव म्हणूनच. पुढच्या पिढ्यांनी १९९०च्या दशकात जाऊन ती परत आणली. १९९८मध्ये त्यांचा स्वशासनाचा करार झाला. २०२३मध्ये ‘ट्रॉन्डेक-क्लोंडाइक’ जागतिक वारसा यादीत आलं, ते सोन्याच्या कौतुकासाठी नाही. वसाहत आल्यावर इथले लोक कसे तगले, याची साक्ष म्हणून.

ठेव परत आली, सामन मात्र अजून आलेला नाही. युकॉन नदीतला चिनूक सामन इतका कमी झालाय, की २०२४मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याच्या मासेमारीवर सात वर्षांची बंदी घातली. सात वर्षं म्हणजे त्या माशाचा एक पूर्ण जन्म.

निघायच्या दिवशी नदीकाठी बसून आईला व्हिडिओ कॉल केला. बाटलीतले चार कण कॅमेऱ्यासमोर धरले.

‘एवढ्यात पाटलीचा पापुद्रापण होणार नाही रे,’ ती म्हणाली.

मी तिला चीफ आयझॅकची गोष्ट सांगितली. गाणी ठेवायला दिली आणि नातवंडांनी परत आणली, ही. ती जरा वेळ गप्प होती.

‘ठेवली होती ना? मग येतात परत,’ ती म्हणाली. ‘वेळ लागतो. तू जेवलास का?’

पुढच्या महिन्यापासून हप्ता थोडा वाढवून पाठवतोय. बाटली खिडकीत आहे.