वेट वॉचर्स आणि अमेरिकेची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शासन आहारविषयक तत्त्वे ठरविते आणि वजन घटविण्याचे व्यावसायिक कार्यक्रम त्यांचे अनुकरण करतात, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील वेट वॉचर्स या संस्थेचा इतिहास पाहता हा समज अंशतःच खरा ठरतो.

या संस्थेचा उगमच मुळी सरकारी दवाखान्यात झाला. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने चालविलेल्या स्थूलता चिकित्सालयात १९६१ मध्ये जीन निडेच ही क्वीन्स भागातील गृहिणी दाखल झाली. तेथील आहार डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला होता. आठवड्यातून पाच वेळा मासे, एकदा यकृत, रोज साय काढलेले दूध आणि मिठाई पूर्ण वर्ज्य, असे त्याचे स्वरूप होते. निडेच यांनी त्यात भर घातली ती सामूहिक बैठकीची. आहार मात्र बव्हंशी तोच ठेवला. मे १९६३ मध्ये संस्था स्थापन झाली, तेव्हा राष्ट्रीय पातळीवरील मार्गदर्शक तत्त्वे अस्तित्वातच नव्हती. सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने आहारविषयक उद्दिष्टे १९७७ मध्ये मांडली आणि पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थ-कंपनीने वेट वॉचर्स विकत घेतली होती. वजन वाढविणाऱ्या आणि घटविणाऱ्या व्यवसायांची ही सोयरीक सूचक आहे.

१९९० च्या तत्त्वांनी एकूण उष्मांकांपैकी स्निग्ध पदार्थांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षीच्या कायद्यान्वये १९९४ पासून पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता छापणे बंधनकारक झाले. या तक्त्याशिवाय १९९७ ची गुणपद्धती सामान्य सभासदास वापरताच आली नसती. प्रत्येक ५० उष्मांकांस एक गुण, प्रत्येक १२ ग्रॅम स्निग्धांशास आणखी एक. उलट तंतूंमुळे गुण कमी होत, मात्र ही सवलत ४ ग्रॅम तंतूंपुरतीच होती. साखरेचा स्वतंत्र हिशेब नव्हता. त्यामुळे सुमारे १४० उष्मांकांचा कोलाचा डबा तीन गुणांत बसे, तर मूठभर बदामांना जवळपास चार गुण पडत. शासनाच्या स्निग्धविरोधी भूमिकेचे गणिती रूपांतर म्हणजे ही पद्धती होय, असे म्हणता येईल. तिच्यातील त्रुटीही उसनीच होती.

पुढे क्रम उलटला. नोव्हेंबर २०१० मध्ये संस्थेने ताजी फळे व बहुतेक भाज्या शून्य गुणांच्या ठरविल्या. अर्धे ताट फळा-भाज्यांचे दाखविणारे ‘मायप्लेट’ हे सरकारी चित्र जून २०११ मध्ये आले. डिसेंबर २०१५ मधील नव्या गुणपद्धतीने साखर व संपृक्त स्निग्धांशावर अधिक गुण लावले, तर जोडसाखर उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवावी असे सांगणारी तत्त्वे जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्थात, तज्ज्ञ समितीचा अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्येच सर्वांसमोर आला होता. तेव्हा याला दूरदृष्टी म्हणण्यापेक्षा व्यवसायाची तत्परता म्हणणे अधिक योग्य.

२०१८ मध्ये संस्थेने नाव संक्षिप्त करून आरोग्यावर भर दिला. तरीही भूक मंदावणाऱ्या नव्या इंजेक्शनांच्या प्रसारामुळे व कर्जाच्या ओझ्यामुळे मे २०२५ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.