बटण हरवले आहे

माझ्या मेव्हण्याने नवी गाडी घेतली. मी बँकेत कारकून असल्यामुळे माझ्याकडे मोटारीच्या कर्जाचे छापील अर्ज भरपूर आहेत, मोटार नाही. तेव्हा श्रावणातल्या एका रविवारी त्याच्याच गाडीतून आम्ही दादरहून गिरगावला मामांकडे निघालो. स्टीअरिंगशेजारी घरच्या टीव्हीएवढा पडदा. बटण मात्र औषधालाही नाही.

परळला पाऊस आला आणि समोरची काच धुरकटली. मेव्हण्याने वारा सोडण्यासाठी पडद्यावर बोट ठेवले. भावगीत सुरू झाले. पुन्हा ठेवले, तर पडदा विचारतो, 'भाषा निवडा'. मेव्हणा भाषा निवडत असताना लालबागला पुलाखाली एक वृद्ध गृहस्थ छत्री सावरत रस्ता ओलांडू लागले. मी ओरडलो. ब्रेक लागला. छत्री आणि गाडी यांच्यात वीतभर अंतर उरले. गृहस्थ आत डोकावून म्हणाले, "अहो, टीव्ही घरी बघा की!"

मला आपली जुनी टॅक्सी आठवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट डिलाइट निघू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, मीटर बाहेर डाव्या अंगाला. ड्रायव्हरने हात लांब करून झेंडा फिरवला की मीटर डाऊन! डोळे रस्त्यावर, तोंड राजकारणावर आणि हात आपोआप कामावर. वाचायचे होते ते फक्त भाड्याचे कार्ड. मीटरचा आकडा त्यावर ताडून पाहताना माझे बी. कॉम. उघडे पडायचे, पण ते गाडी थांबल्यावर. कोणाच्या जिवावर बेतत नव्हते.

बोटाने चालणारा पडदा काही आजचा नाही. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९८६ सालीच तो रिव्हिएरा गाडीत बसवला होता. पुढे २०२२ साली स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात परीक्षा घेतली. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोत रेडिओ लावण्यासारखी चार कामे १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्याच्या सर्वांत मंद गाडीत त्याच कामांना ४४.६ सेकंद लागले आणि गाडी गेली १,३७२ मीटर! आता युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी युरो एनकॅप संस्थाही २०२६ पासून सिग्नल, हॉर्न, वायपर यांच्या खऱ्याखुऱ्या बटणांना गुण देते. शहाणपण येतेच, परिपत्रक निघायला वेळ लागतो, एवढेच.

आपल्याकडे मात्र पद्मिनीची वाट बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवानिवृत्त झाली. ना पेन्शन, ना निरोपसमारंभाचा नारळ.

गिरगावहून परतताना पुन्हा पाऊस. मेव्हण्याने मुकाट्याने डिकीतून एक पिवळे फडके काढले. "भाऊजी, काच धुरकटली की तेवढी पुसा."

तेव्हापासून त्या गाडीत एक बटण आहे. ते पुढच्या डाव्या सीटवर बसते आणि तोंडी हुकमावर चालते.