मोफत दालनाची किंमत

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये शिरायला तिकीट लागत नाही. १७५९ साली दरवाजे उघडले तेव्हाही प्रवेश मोफतच होता. आफ्रिकेचे दालन तळमजल्याच्याही खाली आहे. जिना उतरून गेले की उंच उभ्या दांड्यांवर ओळीने लावलेले पितळी फलक दिसतात. त्यांवर राजा, सरदार, शिपाई आणि लांब केसांचे पोर्तुगीज कोरल्यासारखे उठून आलेले असतात.

हे फलक बेनिनच्या राज्यातले. आजच्या बेनिन देशाशी त्यांचा संबंध नाही. ते राज्य आजच्या नायजेरियात, एडो प्रांतात होते. त्याच्या राजाला ‘ओबा’ म्हणत. सोळाव्या-सतराव्या शतकांत घडवलेले हे फलक ओबाच्या वाड्यातल्या खांबांवर बसवलेले असत. घडवण्याची रीत आपल्याला परकी नाही. मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बस्तरचे ढोकरा कारागीर आजही असेच करतात. बेनिनमधल्या ओतकामाच्या पिढीजात कारागिरांची वस्तीही अजून नांदती आहे.

‘बेनिन ब्राँझ’ असे नाव रूढ असले तरी बहुतेक वस्तू पितळेच्या आहेत. हे पितळ मुख्यतः पोर्तुगीजांनी आणलेल्या कड्यांतून, ‘मनिला’तून, आले. त्यातले बरेचसे जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातले असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हीच कडी गुलामांच्या खरेदीतही चलन म्हणून वापरली जात. म्हणजे या कलेचा कच्चा मालसुद्धा निष्पाप नव्हता.

मग १८९७ साल उजाडले. धार्मिक विधी चालू आहेत, आत्ता येऊ नका, असा निरोप असतानाही एक ब्रिटिश अधिकारी आपला ताफा घेऊन निघाला. वाटेत त्यातले बहुतेक जण मारले गेले. फेब्रुवारीत सूड घ्यायला सैन्य आले. त्याने शहर जिंकले, वाडा लुटला, आणि शहराचा मोठा भाग आगीत गेला. ओबा ओव्होनराम्वेन यांना कालाबारला हद्दपार केले. १९१४ साली ते तिथेच वारले. त्याच १८९७ साली हे फलक लंडनमध्ये लोकांसमोर मांडलेही गेले. आज या एका संग्रहालयाकडे बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत.

२०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडच्या बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्याचा करार केला. ब्रिटिश म्युझियमला मात्र १९६३ चा कायदा आड येतो. काही मोजके अपवाद सोडता संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही. उसनी देता येते. १८७४ च्या स्वारीत लुटलेले असांते राज्याचे काही सोने २०२४ मध्ये घानातल्या कुमासीला पोहोचले, तेही तीन वर्षांच्या उसनवारीवर.

याच वर्षी, जुलैत, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली. तीही तीन वर्षांसाठीच. ती लुटीत गेलेली नव्हेत. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला ती भेट मिळाल्याची नोंद आहे, आणि ती शिवरायांनीच वापरली याला ठोस पुरावा नाही, असे ते संग्रहालयही सांगते. तरीही ती पाहायला लोकांनी गर्दी केली. त्या गर्दीकडे पाहिले की कुमासीतल्या माणसाला काय वाटले असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

लंडनमधले दालन मोफत आहे, हे खरे, आणि ते चांगलेही आहे. पण बेनिन शहरातल्या ओतकाम करणाऱ्याला आपल्या पणजोबांचे काम पाहायला व्हिसा आणि विमानाचे तिकीट लागते. दारावर पैसे घेत नाहीत, एवढ्यावरून ते सगळ्यांना मोफत आहे असे म्हणता येत नाही. तिथे उभे राहिल्यावर फलक जरूर डोळे भरून पाहावेत; पण ते कोणत्या खांबांवरून उतरवले, हेही विसरू नये.