डायव्हर्टर व्हॉल्व्ह

१. डायव्हर्टर व्हॉल्व्ह : २०१८ साली भारतीय जैन संघटना व शासन यांच्या सहकार्याने बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांचा गाळ उपसणारी जी पोकलेन यंत्रे वाचकांनी पाहिली असतील, त्यांच्याच जातीच्या यंत्रास जादा अवजारासाठी स्वतंत्र तेलमार्ग नसल्यास सहा तोंडांची ही झडप बसवितात, ती बकेटच्या नळीजोडीतील दाबाचे तेल, चालकाने कळ दाबताच, बकेटच्या सिलिंडरऐवजी त्या अवजाराकडे वळविते, यास्तव दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. मुरुमाखालील काळा पाषाण फोडणारा ब्रेकर हे अवजार म्हणून जोडावयाचा असल्यास त्याचे परतीचे तेल निर्वेधपणे टाकीत जावे अशी निराळी तजवीज करणे इष्ट होय; आणि कोणतीही नळी सोडविण्यापूर्वी इंजिन बंद करून कोंडलेला दाब उतरविणे, हा जीवितरक्षणार्थ अनुल्लंघनीय दंडक समजावा. — संपादक